जुन्या पिकअपला दुसऱ्या सालचे इंजिन : व्यापाऱ्यांनी काय पाहावे?

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनावर का लिहावे, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल. गांधीबागेतून माल उचलून उमरेड, भिवापूर, पवनी, रामटेक, काटोल, सावनेरच्या बाजारात नेणाऱ्या आम्हा लोकांची अर्धी दुकानदारी गाडीच्या चार चाकांवर उभी असते. सुरतेची साडी, इचलकरंजी-मालेगावचे सुती कापड, कामठीच्या मागावरचा माल, सारे ठोक भावात मिळाले तरी बाजाराच्या दिवशी सकाळी ते ओट्यावर मांडले गेले नाही तर त्या आठवड्याचा धंदा गेला. जे कापडाचे तेच बांगडीवाल्याचे, चप्पलवाल्याचे, भांडीवाल्याचे आणि फळवाल्याचे. म्हणून गाडीच्या बोनेटखाली काय आहे, हे मालकाला थोडेफार तरी ठाऊक असले पाहिजे. सगळे मिस्त्रीवर सोडून चालत नाही.

आपल्याकडे पिकअप दहा-बारा वर्षे सहज चालते. बॉडीला पत्रा मारून घेता येतो, कमानपट्टे बदलता येतात, टायर तर बदलतच राहतात. पण इंजिनाने तेल खायला सुरुवात केली, ब्रीदरमधून धूर मारू लागले, चढावर माल ओढेनासे झाले की मालक विचारात पडतो. नवी गाडी घ्यायची तर हप्ता आला, आणि व्याजाच्या हप्त्याची गाडी नको म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मग कोणी तरी सांगतो, "भाई, भंगारात नव्या मॉडेलचे इंजिन पडले आहे, तेच उचलून टाका." इथून पुढची गोष्ट सांगण्यासाठी हा लेख आहे.

कामठीचे आमचे एक परिचित व्यापारी आहेत. चादरी, लुंग्या, टॉवेल असा त्यांचा माल. त्यांची पिकअप २०१२ सालची, महिंद्राची, साध्या डीआय इंजिनाची. भिवापूरकडे जाताना रेडिएटरचा पाइप फुटला आणि चालक काट्याकडे न बघता गाडी दामटत राहिला. हेड वाकले, गॅस्केट गेले, दोन पिस्टनने बोअर खरवडला. त्यांना दोन भाव आले. एक, तेच इंजिन खोलून बांधायचे. दुसरा, अपघातात चुराडा झालेल्या २०१८ च्या पिकअपचे इंजिन, फारसे न चाललेले, बांधणीच्या खर्चापेक्षा थोड्याच जास्त पैशात. दलाल म्हणाला, "दोन्ही २५२३ सीसी, दोन्ही महिंद्रा, बोल्टला बोल्ट बसतो." ऐकणाऱ्याला मोह होईल असाच सौदा होता. त्यांनी आम्हाला विचारले आणि आम्ही कामठी रोडवरच्या एका तजुर्बेकार उस्तादाकडे त्यांना घेऊन गेलो. उस्ताद हात पुसत म्हणाले, "सेठ, इंजिन बसते न. पण बसलं म्हणजे गाडी चालली असं नाही."

हे वाक्य समजून घेण्यासारखे आहे.

इंजिनाचे नाव आणि इंजिनाचे घराणे

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंजिनाचे इंग्रजी शब्द आम्ही गॅरेजच्या बाकावर बसूनच शिकलो, आणि तिथेच एक मजेची गोष्ट कळली. टाटाच्या इंजिनाच्या आकड्यातच त्याचा नकाशा असतो. ४०७ ला लागणारे ४९७ इंजिन म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १०० मिलिमीटरचा. गुणाकार केला की २९५६ सीसी येतात. १९८८ साली आलेल्या टाटा मोबाईल पिकअपचे इंजिन ४८३, म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, १९४८ सीसी. पुढे २०७ डीआय आली तिच्यात २९५६ सीसीचे इंजिन होते. म्हणजे २०७ हे नाव तेच राहिले आणि साल बदलताच इंजिन एक हजार सीसीने वाढले. जुन्या २०७ च्या मालकाने फक्त नाव बघून नव्या २०७ चे इंजिन आणले तर वजन जास्त, जोर जास्त. पुढच्या कमानपट्ट्यांपासून गिअर बॉक्सपर्यंत सगळ्यांवर नवा भार पडणार. बॉडीवरचे नाव इंजिनाची ओळख पटवत नाही, हे या एका उदाहरणात दिसते.

महिंद्राची कहाणी वेगळी. जुन्या जीपांत आणि पिकअपांत प्युजोचे इंजिन असे, एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. त्यात डिझेल आधी छोट्या कप्प्यात जळायचे, म्हणून सकाळी हीटर प्लग तापवल्याशिवाय गाडी चालू होत नसे. मग डीआय इंजिने आली, त्यांत डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. २५२३ सीसीच्या डीआयचे माप पाहा : बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. हे आकडे असे तुटक का? कारण ते इंचाचे आहेत, साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचे हे घराणे. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आपल्या हिंगणा एमआयडीसीतच आहे, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनावर हात बसलेल्या नागपूरच्या मिस्त्र्याला डीआय पिकअपचे इंजिन परके वाटत नाही.

आता २०१८ च्या पिकअपकडे येऊ. तिचेही इंजिन २५२३ सीसीचे, बोअर तोच, स्ट्रोक तोच. दलाल खोटे बोलत नव्हता. फरक डिझेल पोहोचवण्यात आहे. २०१२ च्या गाडीत यांत्रिक पंप आहे. पंप गिअरवर फिरतो, प्रत्येक नोझलला आपल्या नळीतून डिझेल ढकलतो, नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतो. अॅक्सिलरेटरची तार सरळ पंपाला बांधलेली. बॅटरी उतरली तरी धक्का मारून गाडी चालू होते. २०१८ चे इंजिन कॉमन रेलचे. तिथे एका जाड नळीत हजार बारच्या पुढे दाब धरून ठेवतात आणि कोणत्या इंजेक्टरने कधी, किती वेळ उघडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. त्या कॉम्प्युटरला क्रँक कुठे फिरतो, पाणी किती तापले, हवा किती आली, पायाखालचे पेडल किती दाबले हे सांगणारे सेन्सर लागतात. पेडलला तार नाही, वायर आहे.

म्हणून नुसते इंजिन उचलून आणले तर काहीच आणले नाही असे समजावे. त्यासोबत कॉम्प्युटर, त्या गाडीची पूर्ण वायरिंग, पेडल, मीटर, डिझेल टाकीपासूनचे फिल्टर आणि नळ्या, आणि चावीत चिप असेल तर ती चावी व तिचा डबा, सारे एकाच गाडीचे पाहिजे. भंगारवाल्याने वायरिंग कापून काढलेली असेल तर सौदा तिथेच संपला. कापलेली वायरिंग जोडून देणारे कारागीर आहेत, चांगलेही आहेत. पण पावसाळ्यात पवनीच्या रस्त्यावर गाडी अचानक बंद पडली तर तो जोड कुठे निघाला हे शोधणारा तिथे कोणी नसतो.

मागच्या पिढीच्या लोकांना हे सारे जास्तीचे वाटते, आणि त्यांचे चुकत नाही. त्यांनी पेट्रोल जीपमध्ये बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून वर्षानुवर्षे गाड्या चालवल्या. अॅम्बॅसेडरमध्येही तेच झाले. त्या काळात लेथवर एक प्लेट उतरवली, फाउंडेशनचे ब्रॅकेट वेल्डिंग केले, दोन नळ्या वाकवल्या की काम फत्ते. लोखंडाला लोखंड जोडायचे होते. वायरिंगमध्ये सेल्फ, डायनामो आणि दिवे एवढेच.

जुने इंजिन नव्या गाडीत

याच्या उलट मागणी आज गॅरेजात जास्त ऐकू येते. कॉमन रेलच्या गाडीचे इंजेक्टर गेले, पंप गेला, खर्चाचा आकडा ऐकून मालकाचे डोळे पांढरे झाले. मग तो म्हणतो, सगळी वायरिंग काढून टाका आणि जुने डीआय पंपवाले इंजिन बसवा, कटकट मिटेल. लोखंडाच्या दृष्टीने हे काम पहिल्यापेक्षा सोपे आहे. फाउंडेशन, बेल हाउसिंग, क्लच प्लेट आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टचे दाते जुळतात का ते मोजावे लागते. चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरला घासतो का ते बघावे लागते. ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप आणि स्टीअरिंगचा पंप कुठे बसणार ते आधी ठरवावे लागते. व्हॅक्यूम पंपाचा विषय मिस्त्री कधी कधी शेवटी काढतात. आमच्या मते तो पहिला आहे, कारण माल भरलेली गाडी चालू न झाली तर एक दिवस जातो, पण ती थांबली नाही तर माणूस जातो.

गाडी चालते, हे खरे. पण इथे प्रश्न धुराचा आणि कायद्याचा येतो. नागपुरात बीएस-३ ची अट २०१० साली लागू झाली (पुण्या-मुंबईत ती २००५ पासूनच होती), बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. २०१८ ची गाडी बीएस-४ म्हणून नोंदली आहे. तिच्यात बीएस-३ चे इंजिन बसवले की आरसीवर एक आणि बोनेटखाली दुसरे. पासिंगला गाडी गेली आणि निरीक्षकाने इंजिन नंबर वाचला की गाठ पडली. बीएस-६ च्या गाडीत तर सायलेन्सरमध्येही धूर साफ करण्याची यंत्रणा आणि तिचे सेन्सर आहेत. तिथे जुने इंजिन बसवण्याचा विचारही करू नये.

कागदाचा हिशेब

आपल्या लोकांची एक सवय आहे, काम आधी आणि कागद नंतर. इंजिन बदलताना ही सवय महागात पडते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. त्याच कलमात इंजिन बदलाचा वेगळा उल्लेख आहे : दहा किंवा त्याहून जास्त व्यापारी वाहने असलेल्या मालकांना, त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन आगाऊ मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचना काढून देऊ शकते. दहा गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्यासाठी ती तरतूद आहे. आपली एक पिकअप, फार तर दोन. आपण आरटीओची मंजुरी आधी घ्यावी आणि इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांच्या आत आरसी नेऊन नवा नंबर चढवून घ्यावा. गाडीची नोंद शहरात आहे की ग्रामीणला की पूर्व नागपूरला, म्हणजे एमएच-३१, ४० की ४९, हे पाहून त्याच कार्यालयात जावे, नाही तर अर्धा दिवस फुकट जातो. गाडीवर फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती घेऊन ठेवावी.

"त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे" या शब्दांत सारे आले. २०१२ च्या डीआयला २०११ किंवा २०१३ चे तसेच डीआय इंजिन, हा बदल समजावून सांगता येतो. डीआयला कॉमन रेल किंवा कॉमन रेलला डीआय, इथे प्रकारच बदलला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थाने वाचले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात शिक्षाही आली : परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा विम्याचा विषय मोठा आहे. पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. अपघात झाला, समोरचा माणूस जखमी झाला आणि गाडीत वेगळ्या नंबरचे इंजिन निघाले, तर कंपनीच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते. आरसीवर नंबर चढला की त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून पॉलिसीतही बदल करून घ्यावा.

इंजिन आले कुठून?

जुने इंजिन घेताना आपला व्यापारी भाव करतो, तेल बघतो, आवाज ऐकतो. ज्या गाडीतून ते निघाले तिचा नंबर मात्र विचारत नाही. इंजिनावर नंबर कोरलेला असतो. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगने भरलेला दिसला तर भाव विचारू नये, चहा पिऊन उठावे. उत्तर प्रदेशातील मेरठच्या सोतीगंज बाजाराचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. चोरीच्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकल्याच्या आरोपांवरून पोलिसांनी २०२१ च्या अखेरीस तो बाजार बंद पाडला, आणि त्यात सरळ धंदा करणारेही भरडले गेले. चोरीचा माल जाणूनबुजून किंवा तसे मानण्याला कारण असताना घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. "मला माहीत नव्हते" हे सांगायचे तर हातात कागद लागतो.

तो कागद कोणता? विकणाऱ्याची सहीची पावती, तिच्यावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून निघाले तिचा चेसिस व नोंदणी क्रमांक, आणि गाडी मोडीत गेली असेल तर आरसी आरटीओत जमा झाल्याचा पुरावा. गाडी नष्ट झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसी परत करावी असे कायद्याचे कलम ५५ आहे. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे निघाली आहेत; तिथून निघालेल्या मालाला कागद असतो. मोमिनपुऱ्यातील किंवा कामठी रोडवरील जो दुकानदार असा कागद देतो त्याचा भाव थोडा जास्त असेल. तो द्यावा.

तपासणी गाडीतच करावी. इंजिन चेसिसवर असताना थंड स्थितीत चालू करून पाहावे. तेलाचे झाकण उघडून ब्रीदरचा दाब बघावा, तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. चारही सिलिंडरचे कंप्रेशन गेजने मोजून घ्यावे आणि आकडे कागदावर लिहून घ्यावेत. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाबद्दल फक्त विकणाऱ्याची जबान असते. ते घ्यायचेच असेल तर चेंबर खोलून बेअरिंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशाचा हिशेब

आता कापडवाल्याच्या वहीतला हिशेब. पुष्कळ जण फक्त इंजिनाचा भाव आणि मिस्त्रीचा मेहनताना धरतात. त्यात लेथचे काम, फाउंडेशनचे रबर, क्लच, नळ्या, वायरिंग, आरटीओ, विमा आणि सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे गाडी उभी असताना बुडालेले बाजार, हे सारे जोडावे. जसेच्या तसे इंजिन बांधायला मिस्त्री दिवस सांगू शकतो, कारण त्याने ते काम शंभर वेळा केलेले असते. वेगळ्या सालचे इंजिन बसवताना कोणताही प्रामाणिक मिस्त्री दिवस सांगत नाही. भाड्याच्या गाडीने किती बाजार करावे लागतील, त्याचा आकडा वहीत वेगळा लिहावा.

आणखी एक गोष्ट आपले छोटे व्यापारी विसरतात. जीएसटीत नोंदणी असलेल्या आणि कंपोझिशनमध्ये नसलेल्या व्यापाऱ्याने धंद्याचा माल वाहण्यासाठी गाडी घेतली किंवा तिचे सुटे भाग घेतले, तर त्यावर भरलेल्या कराचे क्रेडिट त्याला मिळते. प्रवासी मोटारीला ती सवलत सहसा नसते, मालवाहू गाडीला असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलाचे पिस्टन, लायनर, बेअरिंग घेऊन इंजिन बांधले तर तो कर आपल्या कापडावरच्या कराशी वळता होतो. बिनबिलाच्या इंजिनात काही वळते होत नाही. कामठीच्या व्यापाऱ्यांनी हा फरक मांडला तेव्हा दोन भावांतले अंतर दलालाने सांगितल्यापेक्षा बरेच जास्त निघाले.

त्यांनी शेवटी आपले जुनेच इंजिन बांधून घेतले. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले, क्रँक घासला, दुसरे हेड घेऊन फेसिंग करून बसवले, पंप-नोझल तपासून आणले. नंबर तोच राहिला, त्यामुळे आरटीओ नाही आणि विम्याचा प्रश्न नाही. अकराव्या दिवशी गाडी मिळाली. उस्तादांनी पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या मालावर, घाई न करता चालवायला सांगितले आणि त्यानंतर तेल बदलून घेतले. नवा रेडिएटर टाकला आणि काट्याशेजारी पाणी तापले की वाजणारा एक भोंगा बसवला. २०१८ चे ते इंजिन पूर्ण वायरिंग आणि कॉम्प्युटरसह २०१९ च्या बीएस-४ पिकअपवाल्याने नेले. त्याच्या गाडीत ते जसेच्या तसे बसले, आणि आरसीवर नंबर चढवण्याचा अर्ज त्याने इंजिन उतरवण्याआधीच दिला होता.